खेळण्याची भूक

प्रत्येक खेळण्याला काही ना काही खाऊ घालावेच लागते. पतंग वाऱ्यावर जगतो, भोवरा मनगटाच्या झटक्यावर फिरतो, आणि विटीला दांडूच्या टोल्यावाचून दुसरे काही नको असते. या जुन्या मंडळींचा आहार असा साधा असल्यामुळे त्यांची भूक भागविण्याचा विचार कोणी फारसा केला नाही. पण ज्या दिवशी खेळणे तेल पिऊ लागले, त्या दिवशी ते अंगणातून उठून थेट अर्थशास्त्रात शिरले, असे आमचे मत आहे.

आमचा एक पुतण्या पौडच्या पलीकडे, भाताची कापणी झालेल्या एका मोकळ्या खाचरात, विमान उडवितो. हे विमान दोन बारीक पोलादी तारांनी त्याच्या हातातील मुठीला बांधलेले असते. तो मध्ये उभा राहून गरगर फिरतो, आणि तारांच्या टोकाला विमान त्याच्याभोवती रिंगण घालते. मूठ किंचित कलती केली की ते चढते अथवा उतरते. हवाई शाखेच्या छात्रसैनिकांना असली तारेवरची विमाने परिचयाची आहेत. परंतु त्यांच्या विमानांना पंखा असतो. आमच्या चिरंजीवांच्या विमानाला पंखा नाही. त्याच्या पाठीवर नुसती एक पोकळ नळी आहे, आणि ती अशी किंचाळते की समोरच्या डोंगरावरची गुरे माना वर करून पाहतात.

या नळीची युक्ती मोठी मौजेची आहे. तिच्या तोंडाशी पातळ पोलादाच्या पाकळ्या असतात. हवा व इंधन यांचे मिश्रण पाकळ्या उघडून आत शिरते, पेट घेते, त्या धक्क्याने पाकळ्या मिटतात आणि तप्त वायू मागच्या बाजूने बाहेर फेकला जातो. तो गेल्यामुळे आतला दाब उतरतो, पाकळ्या पुन्हा उघडतात, आणि नळी नवा घास घेते. हे रहाटगाडगे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा फिरते! प्रारंभी मात्र सायकलच्या पंपाने हवा मारून ठिणगी पाडावी लागते. याच जातीच्या थोरल्या नळीवर जर्मनीचे उडते बाँब १९४४ च्या जूनमध्ये लंडनवर येऊन कोसळू लागले. तेच यंत्र पुढे मुलांच्या हाती खेळणे होऊन आले, ही इतिहासाची एक दुर्मिळ सदबुद्धीच म्हणावयाची.

नळीचे नेहमीचे अन्न म्हणजे पेट्रोल. पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. मुळशीच्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या पुस्तकांनादेखील बुरशी येते, तिथे अर्धवट भरलेला डबा हवेतले पाणी शोषीत बसतो. म्हणून एके दिवशी पुतण्याने आम्हांस विचारले, “काका, याला दुसरे काय पाजता येईल?” आणि उत्तराची वाट न पाहता त्याने आपली वही पुढे केली.

वहीत त्याने तीन इंधनांचा हिशेब मांडला होता. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. इथेनॉलपासून २७, आणि मिथेनॉलपासून २०. एवढे पाहिले तर पेट्रोलच श्रेष्ठ ठरते. पण जळावयास हवाही लागते. पेट्रोलला आपल्या वजनाच्या १४.७ पट, इथेनॉलला ९ पट, मिथेनॉलला ६.४ पट. नळीत एका घासाला मावणारी हवा ठरलेलीच असल्यामुळे हवेच्या किलोमागे हिशेब केला, तर तिन्ही ठिकाणी ३ मेगाज्यूलच्या आसपासच उत्तर येते. म्हणजे जोर फारसा घटत नाही, भूक मात्र मिथेनॉलच्या बाबतीत दुपटीहून वाढते. शिवाय मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता ओढून घेते, त्यामुळे बिचाऱ्या पाकळ्या थंड राहून अधिक टिकतात.

“मग मिथेनॉलच घ्यावे,” असे तो म्हणाला. इथे मात्र आम्ही काकेपणाचा अधिकार गाजविला. या द्रवाची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वाळलेल्या गवतात ती पसरू लागली तर कळावयाचे कसे? आणि मुख्य म्हणजे ते जहाल विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे जी दारू पिऊन मेली, तिच्यात हेच होते. ज्या घरात लहान मुले आहेत आणि पाण्याच्या बाटल्या जिथेतिथे पडलेल्या असतात, त्या घरात असली बाटली आम्ही येऊ देणार नाही.

दुसरी वाट वनस्पतींकडे जाते. ‘ओसाड गावी एरंड बळी’ असे म्हणून आपण ज्या झाडाची थट्टा करीत आलो, त्याचेच तेल छोट्या पंख्याच्या विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून लागते. आणि त्याचा चुलता शोभणारा मोगली एरंड तर २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीस खऱ्या प्रवासी विमानातून उडाला. त्याच्या बियांपासून केलेले तेल त्या विमानाच्या इंधनात मिसळले होते. पुढे १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून बनविलेल्या इंधनाचा अल्पसा अंश होता. या कंपनीचे संशोधनकेंद्र मुळशी तालुक्यात, उरवड्यास आहे. पुतण्याच्या खाचरापासून ते फार दूर नाही. पण मौज अशी की हे इंधन रॉकेलच्या जातीचे. ते सहजी वाफ होत नाही, आणि थंड नळी त्यावर पेट घ्यावयास कुरकुरते. शेजारचे अन्न शेजाऱ्याला पचत नाही, ते असे.

आणि पचले तरी ते फुकटचे नसतेच. साखरेपासून इंधन म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी. पाऊस कमी झाला तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई करावी लागली. ती पुढे सैल झाली, हा भाग वेगळा. मुळशीला तर हा धडा कोणी शिकवावयास नको. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनी येथे धरण बांधले. त्या पाण्याखाली येथल्या मावळ्यांची भातखाचरे गेली. त्यांनी १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला, आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातूनच ‘सेनापती’ झाले. ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्यास चाके फिरवू लागले. त्या विजेला धूर नव्हता, राख नव्हती. तरी तिची किंमत कोणीतरी दिलीच होती, आणि दिवा ज्याच्या घरी लागला तो किंमत देणारा नव्हता.

हे सारे आम्ही पुतण्यास सांगितले. त्याने मुकाट्याने ऐकून घेतले, आणि निर्णय दिला तो असा: पेट्रोलच वापरावयाचे, पण एका सकाळीपुरते ताजे आणावयाचे, साठवावयाचे नाही, पावसाळ्यात विमान खुंटीला. आमच्या व्याख्यानापेक्षा हा निर्णय अधिक शहाणपणाचा आहे, असे आम्हांस वाटते. निर्दोष इंधन शोधण्याच्या नादात माणसे भूक मात्र वाढवीत नेतात. त्याने भूकच एका सकाळीएवढी करून टाकली. ही युक्ती मोठ्या विमानांस लागू पडेल की नाही, याचा विचार ज्यांना ती रोज उडवावयाची आहेत त्यांनी करावा.