परक्या घोड्यांची सेवा

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे आणि चक्रवर्तीच्या चौदा रत्नांत अश्वरत्नाची गणना होते. मूर्तीच्या आसनावर कोरलेला तो लहानसा घोडा दर्शन घेताना आपल्या दृष्टीस पडतो; जिवंत घोड्याशी मात्र आपल्या समाजाचा संबंध जवळजवळ संपला आहे. गोठ्यात म्हशी आहेत, क्वचित बैल आहेत. घोडा उरला तो वरातीपुरता. त्यामुळे शिरोळ तालुक्यातील एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी दुसऱ्याच्या घोड्यांना रोज फिरविण्याचे व वळण लावण्याचे काम विनामोबदला पत्करले, तेव्हा गावात त्यांची थोडी चेष्टाच झाली. निवृत्त माणसाने वाचनालयात बसावे, फार तर मंदिराचा हिशेब पाहावा, अशी लोकांची समजूत असते.

घोडे एका ऊस बागायतदारांचे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेथून त्यांनी हौसेने एक मारवाडी घोडी आणि पुढल्या वर्षी एक शिंगरू आणले. मुले होती तोवर हौस टिकली. मुले पुण्याला नोकरीस गेली आणि घोडे पागेत उभे राहिले. चारा, चंदी, पाणी, कशाचीही उणीव नव्हती. मोतद्दार खराराही नियमाने करीत असे. उणीव होती ती चालण्याची, आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हती.

घोड्याचे शरीर उभे राहण्यासाठी घडलेले नाही. मोकळा घोडा दिवसाचा बराचसा वेळ चरत चरत चालत असतो. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, त्याला ओकारी होत नाही, आणि आतड्यांची हालचाल मंदावली की पोटशूळ उठतो. तो जिवावर बेततो. टाप जमिनीवर पडते तेव्हा खुरातील रक्त वर ढकलले जाण्यास मदत होते, म्हणजे चालणे हे त्याच्या पायांचे पोषणही आहे. बांधलेल्या घोड्याला भरपूर हरभरा घालीत राहावे आणि मग एके दिवशी एकदम दौडीस काढावे, तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडून तो जागीच खिळतो. प्रेमाने अधिक खाऊ घालणे हा येथे उपकार ठरत नाही. ही गोष्ट घोड्याच्या मालकांना पटविणे कठीण, कारण खाऊ घालणे म्हणजेच जीवदया असे आपण लहानपणापासून मानीत आलो.

शिक्षक महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात होते. तेवढ्या जुन्या शिदोरीवर त्यांनी मालकांकडे शब्द टाकला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “अण्णा, घोडी मी नसताना कोणाच्या परवानगीने बाहेर काढायची, आणि मी असताना कोठवर न्यायची, ते एकदा सांगून ठेवा.” मालक हसले. परंतु प्रश्न योग्य होता. दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीच्या पलीकडे वापरणे हे अचौर्य व्रताला बाधक आहे; मग ती वस्तू जिवंत असेल तर जबाबदारी दुप्पट. चारा कोणता घालावा, नालबंदाला कधी बोलवावे, हे मालकाचे अधिकार. शिक्षक फक्त सुचवीत.

पहिला महिना ते खोगिराला शिवलेसुद्धा नाहीत. पहाटे म्होरकी धरून घोडीला कालव्याच्या रस्त्याने नुसते चालविणे, परत आल्यावर चारही पायांवरून हात फिरवून कोठे ऊब किंवा सूज आहे का ते पाहणे, खुरातील माती व खडे काढणे, इतकेच काम. मग लांब दोरावर वर्तुळात फिरविणे सुरू झाले: दहा-पंधरा मिनिटे कदम, मग थोडी दुडकी, मग दिशा बदलून तेवढेच. एकाच अंगाने फिरविले तर एका बाजूचे स्नायू बळावतात आणि घोडा वाकडा चालू लागतो. शेवटी पुन्हा कदमचाल, श्वास शांत होईपर्यंत. मोतद्दार मामा आधी रागावले होते. आपल्या कामावर देखरेख आली असे त्यांना वाटले. पण घोडीच्या कानांची भाषा सरांपेक्षा त्यांनाच अधिक कळत होती. “सर, आज तिला दोर लावू नगासा, कान मागं हायेत,” असे ते म्हणत आणि सर ऐकत. दोघांचे तेथेच जमले.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ज्यांच्या घरी जनावर नाही, त्यांना ही यादी जुन्या काळची वाटते. पागेत उभे राहून ती वाचली तर प्रत्येक शब्द जागा होतो. अगाडी-पिछाडीने दिवसरात्र जखडलेला घोडा म्हणजे बंध. अतिभाराचे मोजमापही आज सांगता येते: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाच्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. घोडी सुमारे 400 किलोची धरली, तर मर्यादा 80 किलोची झाली. मालकांचे एक स्थूल आप्त सुट्टीत स्वारीसाठी आले, तेव्हा सरांनी हे गणित त्यांना फारच सौम्य शब्दांत सांगितले. आप्त रागावले ते रागावलेच.

खरी कसोटी शिंगरामुळे आली. ते आता अडीच वर्षांचे, देखणे, उंच मानेचे झाले होते. लग्नसराईत नाचऱ्या घोड्याला चांगली मागणी असते. मालकांनी एका सकाळी सहज म्हटले, “सर, तुमचा हात लागलाच आहे, तर याला नाचायला शिकवा. नाहीतर चाबूकस्वाराकडे पाठवतो. खर्च तरी निघेल.”

घोडा वरातीत नाचतो तो हौसेने नव्हे. कित्येक ठिकाणी त्याला खुंटांमध्ये जखडून, पायांवर छडी मारून पाय उचलायला लावतात आणि तोंडात काटेरी लगाम घालतात. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली झालेल्या नियमांत अशा काटेरी लगामाला मनाई आहे, तरीही तो पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. शिवाय घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. अडीच वर्षांच्या पाठीवर जडावाचे खोगीर व नवरदेव हा अतिभारच.

शिक्षकांनी नकार दिला. पण नुसता नकार देऊन घरी बसणे सोपे होते, आणि तसे केले असते तर शिंगरू चाबूकस्वाराकडे व घोडी पुन्हा खुंटाला गेली असती. मालकाला उपदेश करण्याचाही त्यांना अधिकार नव्हता. महिन्याचा खर्च मालक सोशीत होते, सर नव्हेत. फुकट काम करणाऱ्याचे हेच अवघड असते: कष्ट त्याचे, निर्णय दुसऱ्याचा. दोन दिवस ते नेहमीप्रमाणे आले, काम केले, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकांपुढे कागद ठेवला. शिंगरू पाच वर्षांचे होईपर्यंतचा चंदीचा निम्मा खर्च आपण देऊ; तोवर त्याला माणसाळवू, खोगिराची व गर्दीची सवय लावू; शांत, भरवशाचा सवारीचा घोडा म्हणून त्याची जी किंमत येईल ती सर्वस्वी मालकांची. अट एकच, काटेरी लगाम या पागेत येणार नाही.

मालकांनी कागद खिशात ठेवला. “पैसे नकोत, सर,” ते म्हणाले, “पण पुढल्या दत्तजयंतीपर्यंतच थांबतो. मग बघू.”

दत्तजयंतीला अजून पाच महिने आहेत. शिंगरू सध्या पाठीवर रिकामे पोते घेऊन कालव्याच्या रस्त्याने घोडीमागे चालते आणि ट्रॅक्टर जवळून गेला तरी बिचकत नाही. परवा मालकांचा मुलगा पुण्याहून आला होता. तो कोठवर येतो ते पाहत मामांनी म्होरकी त्याच्या हाती दिली. पुलापर्यंत जाऊन तो परतला आणि मग, कोणी न सांगता, खाली बसून शिंगराच्या खुरातील माती काढू लागला.