तोंडावरचा हात

दातांना तारा बसवल्यापासून आमची नात तोंडावर हात ठेवून हसते. परवा मी तिच्यावर खेकसले, "हात काढ आधी!" सून स्वयंपाकघरातून धावत आली, इतका माझा आवाज चढला होता. पोरगी रडवेली झाली. त्या हातामुळं मला काय आठवलं, ते तिला कसं सांगणार?

ताई अशीच हसायची. परकर-पोलक्यात होती तेव्हा तळहात आडवा धरून, साडी आली तेव्हा पदर लावून. 1967 साली, अकराव्या वर्षी, तिला फिट येऊ लागल्या. कांदा हुंगवून झाला, चप्पल नाकाला लावून झाली, मग बाबा तिला शहरात घेऊन गेले. फेनिटोइनची गोळी सुरू झाली आणि फिट खरंच थांबल्या. वर्षभरात हिरड्या वाढायला लागल्या. दातांच्या फटींतून गुलाबी गाठींसारख्या वर येत, अर्धा दात झाकून टाकत. जरा बोट लागलं की रक्त. "दात नीट घासत नाहीस," म्हणत आई मीठ-तेल घेऊन स्वतः तिच्या हिरड्या चोळायची. ताई मोरीच्या कट्ट्यावर बसलेली, डोळ्यांतून धार, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. मी आठ वर्षांची, दाराशी उभी. एकदा मी म्हणाले होते, "तुझ्या पेल्यातलं पाणी मला नको." ती काही बोलली नाही. पेला तिनं विसळून उपडा घातला.

मेरिट आणि पटनम या बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी मांजरांवर प्रयोग केले आणि हे औषध फिटवर चालतं हे 1938 साली दाखवून दिलं. त्यानं हिरड्या वाढतात, हे 1939 सालीच छापून आलं होतं. हे साल मला पन्नाशीनंतर कळलं, तेव्हापासून ते मनातून जात नाही. ताई 1956 ची. आमच्या डॉक्टरांनी तिच्या फिट थांबवल्या, ते ऋण आहेच. पण दर तीन महिन्यांनी ते तिला आ करायला लावून जीभ बघत. "हे गोळीमुळं होतंय, पोरीचा काही दोष नाही," एवढं एकदा आईला म्हणाले असते! त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ताईला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. मोठ्या आतड्याला व्रण. सल्फासॅलाझिन दिलं. नान्ना स्वार्ट्झ या स्वीडिश डॉक्टरबाईंनी ते मुळात संधिवातासाठी करायला घेतलं होतं. त्यानं लघवी केशरी होते, हेही कुणी सांगितलं नव्हतं. आता इथूनही रक्त, असं वाटून ताई न्हाणीघरातून हाका मारत बाहेर आली. पुढं स्टेरॉइड आलं. रक्त थांबेना म्हणून डोस वाढत गेला, चेहरा सुजून गोल झाला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, फिटची गोळी कुठली घेता?" फेनिटोइन यकृताला असं कामाला जुंपतं की स्टेरॉइडचा भराभर निचरा होतो, अंगी लागतच नाही. त्यात फेनिटोइन आणि सल्फासॅलाझिन, दोन्ही शरीरातलं फॉलिक ॲसिड घटवतात. फायलीत सगळ्या गोळ्या एकीखाली एक लिहिलेल्या होत्या. त्या एकत्र कुणी वाचल्याच नव्हत्या.

हळूहळू फिटची गोळी बदलली. लेव्हेटिरासिटॅमनं ती चिडखोर झाली. जन्मभर खालच्या पट्टीत बोललेली ताई फोनवर माझ्यावर कडाडली, "मला शिकवू नकोस!" फोन ठेवला आणि मला आतून बरं वाटलं. वाढलेल्या हिरड्या दातांच्या डॉक्टरांनी छाटल्या. खाली आईसारखे बारीक, एकसारखे दात निघाले.

काल नातीनं रुसवा सोडला आणि तारा दाखवायला ताईआजीला व्हिडिओ कॉल लावला. "बघू, आ कर," ताई म्हणाली. मग कशावरून तरी दोघी खिदळायला लागल्या. ताईचा हात सवयीनं तोंडाकडं गेला. फोन त्याच हातात होता. आमच्या पडद्यावर तिच्या घरातला छताचा पंखा गरगरत राहिला, आणि तिचं हसणं ऐकू येत राहिलं.