बीपीचं इंजेक्शन

भोसरीत मेडिकल चालवायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या थापा ऐकायची सवय लागते. झोपेच्या गोळ्या नेहमी आजीसाठीच हव्या असतात. पण त्या बापाने थाप मारायचीही तसदी घेतली नाही, हे मला अजून डाचतंय.

फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुटली होती. अंगावर कंपनीचा ड्रेस, गळ्यात ठेकेदाराचं कार्ड. सोबत दहावीतला मुलगा. पहाटे स्पाइन रोडला पळणाऱ्या पोरांतला, क्रेप बँडेज न्यायला यायचा म्हणून ओळखीचा. बापाने मोबाइल पुढे धरला. फोटोत मेफेनटरमाइनची बाटली.

"ताई, हे द्या. पोराची जिल्ह्याची आठशे मीटर आहे."

हे इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमधलं. कमरेत भूल दिली की बीपी खाली येतं, ते वर आणायला भूलतज्ज्ञ देतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. मैदानावर मॉनिटर कुठला? तिथे फक्त दम लागल्याचं कळेनासं होतं, आणि हृदय बिचारं पळत राहतं. जिममधल्या पोरांना हे चोरून विकणारे पुणे-पिंपरीत पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

"चिठ्ठी?"

"सरांनी सांगितलंय."

कोणते सर, म्हटलं तर गप्प. मग आवाज चढला. "पुढच्या चौकात बिनचिठ्ठीचं मिळतं. तुमच्याकडे माल खरा असतो म्हणून आलो."

मी बघतच राहिले. म्हणजे याला पोराची काळजी होती! बनावट औषध टोचलं जाऊ नये म्हणून हा माणूस वाट वाकडी करून माझ्याकडे आला होता.

मुलगा तोवर काउंटरवरची ओआरएसची पाकिटं सरळ लावत होता. मी त्यालाच विचारलं, "तुला हवंय का रे?" वर न बघता म्हणाला, "सगळे घेतात." बाप म्हणाला, "इथं तपासतंय कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजकांची चाचणी घेणारे 'नाडा'चे लोक आले म्हटल्यावर खेळाडू पसार झाले. शंभर मीटरच्या फायनलला एकटाच धावला, स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. ती राजधानी. आमच्याकडे शालेय जिल्हा स्पर्धेत लघवीचा नमुना घेताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. जानेवारी 2024 मध्ये 'वाडा' या उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेने अल्पवयीन खेळाडूंच्या दहा वर्षांच्या चाचण्यांचा अभ्यास काढला. दोषी आढळलेल्यांत रशियाखालोखाल भारत.

घ्या ना मग चाचण्या तालुक्यापासून, असं मी तावातावाने घरी म्हणाले. रात्री पडल्यापडल्या वाटलं, नकोच. नमुना पोराचा, बंदी पोरावर. औषध देणाऱ्या प्रशिक्षकालाही नियमात शिक्षा आहे, पण त्यासाठी कुणीतरी त्याचं नाव घ्यायला हवं.

दुकानात तेव्हा मी त्या बापाला म्हटलं होतं, सरांचं आणि चौकातल्या दुकानाचं नाव द्या, एफडीएला तक्रार मी करते. तुमचं नाव कुठे येणार नाही.

"आणि पोराला उद्या संघात कोण घेणार? तुम्ही?"

मग एकदम खालच्या आवाजात बोलायला लागला. बारा वर्षं कंत्राटावर, कायम कधी झालाच नाही. पोराला खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागली तर सुटला. त्यासाठी आधी राज्य, राष्ट्रीय गाठायचं, म्हणजे आज जिल्हा जिंकायचा. हिशोबात चूक काढता येईना. तरी तेव्हा फार राग आला होता आणि आजही येतो. कंत्राटाने पिचलेल्या बापाला पोराच्या शिरेत काय जातंय ते कळत नाही, असं थोडंच आहे?

इंजेक्शन मी दिलं नाही. चौकातून घेतलं असेल.

आता गळ्यात शिट्टी अडकवलेला कुणी दुकानात आला की मी त्याच्याशी नीट बोलत नाही. परवा असाच एक जण पोरांसाठी आयोडिन न्यायला आला होता. हा बिचारा भला असेल हे कळत होतं, तरी सुट्टे पैसे नाहीत म्हणून त्याला परत पाठवलं.