पडका किल्ला आणि स्तोत्राची चाल

वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला समुद्रकाठी एक पडका किल्ला आहे, आणि गावाच्याच नावाची स्तोत्राची एक चालही आहे. कॉन्सर्ट बँडसाठी लिहिणाऱ्याला ही जोडी आयतीच मिळते. किल्ल्याचे काम पहिल्या एडवर्डने १२७७ मध्ये सुरू केले, १४०४ मध्ये तो ओवेन ग्लिनडूरने घेतला आणि १६४९ मध्ये पार्लमेंटपक्षाने सुरुंग लावून उडवला. चाल जोसेफ पॅरीची, १८७९ मध्ये छापलेली. पोरवयात खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात राबलेला हा माणूस पुढे अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक झाला.

किल्ला म्हटला की ट्रम्पेट आणि ढोलांची लढाई लिहिण्याचा मोह होतो. नांदत्या किल्ल्याला ती शोभेल. पडक्याला रिकामेपण हवे. ते स्वरमेळातून गंधार काढून मिळते. ट्युबा आणि ट्रॉम्बोन नुसता षड्ज-पंचम धरून बसले की रचना मेजर की मायनर, हे कानाला कळत नाही. त्यावर चालीचे तुकडे ठेवायचे, ओळ पुरी होऊ द्यायची नाही. कोमल गंधार दुसऱ्या क्लॅरिनेटने पहिल्यांदा लावला, की स्तोत्र उभे राहते.

खरी कसोटी पुढे. ही चाल सात-सात अक्षरांच्या आठ ओळींची. स्तोत्रसंग्रहांत ती बहुधा ई मायनरमध्ये असते. बँडसाठी एफ मायनर बरी, कारण बी फ्लॅट क्लॅरिनेटला मग जी मायनर लिहिता येते. अडचण एकच: क्लॅरिनेटचा षड्ज गळ्याच्या स्वरांत येतो, आणि ते फिके वाजतात. खालच्या सप्तकात युफोनियमची जोड दिली की चाल भरते. ओळ संपताच सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर मात्र भोके पडतात. म्हणून शेजारच्या दोघांनी आपापल्या पानावर वेगवेगळ्या जागी पेन्सिलीने खूण करायची.

चाल मुळीच न सजवताही रचना कशी भरते, हे व्हॉन विल्यम्सच्या ‘रोझिमेद्रे’मध्ये दिसते. वेल्श स्तोत्रचालींवरच्या त्याच्या तीन ऑर्गन-रचनांपैकी ही एक, १९२० ची; वॉल्टर बीलरने ती बँडसाठी उतरवली. आधी वेगळीच धून सुरू होते, मूळ चाल नंतर मधल्या पट्टीत शिरते, मग वर चढते.

शेवटचा मायनर स्वरमेळ मेजर करून उजळण्याची जुनी रीत इथे टाळलेली बरी. तालवाद्यांना टिंपनीच्या एका लांब रोलपलीकडे फारसे काम उरत नाही, आणि वादक त्याबद्दल कुरकुरतातच.