अठरा तासांचं वर्ष

कर्क राशीत, ४१ प्रकाशवर्षांवर, ५५ कॅन्क्री नावाचा एक तारा आहे. साधारण आपल्या सूर्यासारखाच, किंचित लहान. लांबवर एक तांबडा बटुतारा त्याचा जोडीदार आणि पदरी पाच ग्रह. एकदम भरलेलं घर!

त्यातल्या सगळ्यात आतल्या ग्रहाचा शोध लागला २००४ मध्ये. त्याचं वर्ष म्हणे २.८ दिवसांचं. मग २०१० मध्ये रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी जुनाच डेटा पुन्हा तपासला, तर उत्तर आलं जेमतेम १८ तास! २०११ मध्ये हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना टिपला गेला आणि १८ तासांवर शिक्कामोर्तब झालं.

गडबड कुठे होती? जमिनीवरच्या दुर्बिणीतून तारा बघायचा तो रात्रीच, म्हणजे साधारण २४-२४ तासांनी. तेवढ्या वेळात हा पठ्ठ्या १.३६ फेऱ्या मारणार. पण मधे पूर्ण झालेली एक फेरी बघणाऱ्याला कळणार कशी? त्याला दिसते फक्त वरची ०.३६. त्या हिशोबाने एक फेरी २.८ दिवसांची. सिनेमात जोरात पळणाऱ्या गाडीचं चाक हळू फिरताना दिसतं ना, अगदी तसंच. आम्ही याला एलियसिंग म्हणतो.

म्हणजे प्रत्येक नोंद खरी होती. फक्त बघायची वेळ ठरलेली होती.

मी दर रविवारी रात्री घरी फोन करतो. बाबा दर वेळी "मजेत" असतात. आणि मधले सहा दिवस?

या बुधवारी भरदुपारी फोन लावून बघणार आहे.