खिडकीखालचा धूर

आज सव्वीस-सत्तावीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकवीत आहो. ब्लेकच्या १७८९ सालच्या गीतांपाशी आलो, की लंडनची धुराडी झाडणाऱ्या काजळलेल्या पोरांच्या दुःखाने आमचा कंठ दरवर्षी नेमाने दाटून येई. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच या धंद्यातील लोकांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता, हेही आम्ही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगत असू.

त्याच वर्गाच्या खिडकीखाली डिझेलवर चालणारा जनरेटर होता. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की तो धडधडू लागे, वर पंखे फिरू लागत, आणि आम्ही खिडकी लावून घेऊन व्याख्यान पुढे चालवीत असू. खाली पत्र्याच्या खोलीत यंत्र सांभाळणारे मामा बसत. धूर सोडणारी नळी दाराच्याच उंचीची. वारा फिरला की सारा धूर आत. मामांचा रुमाल सायंकाळपर्यंत काळा होई, व त्यांचा खोकला आम्हास जिन्यावरूनच ओळखू येई.

२०१२ च्या जून महिन्यात वर्तमानपत्रात वाचले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरविला. १९८८ पासून तो नुसता 'संभाव्य' होता. अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक खाणकामगारांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता; बंदिस्त जागी हा धूर जितका अधिक, तितका फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक, असे त्यात आढळले. धुरातील कण इतके सूक्ष्म, की ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रथमच त्या खोलीत पाऊल टाकले. म्हटले, "मामा, इतकी वर्षे तुम्ही काहीच कसे बोलला नाहीत?"

मामा संकोचून म्हणाले, "सर, वीज गेली की तुम्ही खिडकी लावून घ्यायचात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच आहे."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही अर्ज केला. नळी छपराच्या वर नेण्यास एक कारागीर आणि दोन दिवस पुरले. मामा पुढे सेवानिवृत्त झाले. खोकला मात्र ते बरोबर घेऊन गेले.

ब्लेक आम्ही आजही शिकवितो. कंठ आता दाटून येत नाही. पण शिकविताना खिडकी उघडी ठेवतो, व अधूनमधून खाली पाहतो.