पूर्वरंग गाळू नये

आजोबा नगरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती कीर्तनाला पेटीची साथ करायचे. कीर्तनकार पूर्वरंगात शास्त्रातलं एक वचन घेत आणि सावकाश उलगडत: ते कोणी लिहिलं, कोणासाठी, त्याआधी काय घडलं होतं. मग उत्तररंगात उधळ्या पुत्राचं आख्यान, साकी-दिंडीसह. पोराला लांबून पाहून बाप धावत सुटतो, तिथे बुवा थांबत आणि समोर बसलेल्या सगळ्यांना, मंडळीबाहेरच्यांनाही, त्या बापाच्या घरी बोलावत. एकोणिसाव्या शतकात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ही वाट पाडली; 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी पुढे ती आपलीशी केली.

मुंबईत शिकताना मैदानावरच्या सुवार्तेच्या सभा ऐकल्या. हाक होती, लोकांचे अश्रूही खरे होते. पण हात वर केलेल्यांना पुढे वचन समजावून द्यायला कोणी नसे. उलट काही अभ्यासवर्गांत अध्यायांची फोड इतकी चाले, की ऐकणाऱ्याने त्यावर काही ठरवायचं असतं हेच राहून जाई. मत्तयाच्या शेवटी येशू एकाच आज्ञेत शिष्य करा आणि शिकवा असं दोन्ही सांगतो. ती तोडायचा अधिकार उपदेशकाला कोणी दिला?

पंडिता रमाबाईंनी ती तोडली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांना ख्रिस्ताकडे बोलावतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि त्याच बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवत राहिल्या. 1922 मध्ये जाईपर्यंत हेच काम चाललं होतं. सुवार्तेवर एवढं प्रेम करणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

आता मी आयर्लंडमध्ये, शॅननला आहे. विमानतळाच्या आधाराने 1960च्या दशकात वसलेलं हे गाव. बरेचसे लोक कुठून कुठून आलेले. याच क्लेअर परगण्यात डायसर्ट ओडे इथे बाराव्या शतकातला दगडी क्रूस आहे. वर हात पसरलेला ख्रिस्त, खाली बैठकीवर आदाम आणि हव्वा. पाथरवटाने पूर्वरंग गाळलेला नाही.

आमच्या घरच्या प्रार्थनेला मल्याळी कुटुंबं येतात, शेजारच्या आयरिश आजीही येतात. गेल्या खेपेला मी प्रेषितांच्या कृत्यांतली फिलिप्पाची गोष्ट घेतली: रथात बसून वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला तो आधी विचारतो, वाचतोस ते समजतं का, आणि त्याच उताऱ्यापासून सुरुवात करून येशूपर्यंत येतो. बाप्तिस्म्याचं पाणी त्यानंतर. आजींनी विचारलं, तो नेमकं काय वाचत होता? मग चहा बाजूला ठेवून आम्ही यशयाचा 53वा अध्याय उघडला.